ट्रॅकपुरती गाडी, गोव्याचा पत्ता: एका हलक्या स्पोर्ट्स कारचे परीक्षण

कोईमतूरच्या एका लहान कार्यशाळेत मागणीनुसार बांधलेली दोन आसनांची ट्रॅक-कार, म्हणजे फक्त शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालवायची गाडी, मी फोंड्यात ठेवतो. ती पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण वेगाच्या आधी ‘हिचे पासिंग होते का?’ हेच विचारतो. पासिंग होत नाही, पुढेही होणार नाही, आणि ज्या गुणांसाठी ही गाडी घ्यावी त्याच गुणांमुळे ते होणार नाही. हे पटले तरच तिच्यावर पैसे खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. तेथे प्रत्येक गाडी थोडी वेगळी बांधली जाते आणि माझ्या गाडीतले दोष पुढच्या ग्राहकाच्या गाडीत असतीलच असे नाही.

गाडीची रचना सोपी आहे. पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा, त्यावर रिव्हेटने बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नाकाशी व शेपटीशी फायबरचे आवरण. इंजिन मारुतीच्या पहिल्या पिढीतल्या, म्हणजे २००५ साली बाजारात आलेल्या पेट्रोल स्विफ्टचे, १२९८ सीसीचे आणि ८७ अश्वशक्तीचे आहे. स्विफ्टमध्ये पुढे आडवा बसणारा इंजिन-गिअरबॉक्सचा संच येथे जसाच्या तसा चालकाच्या पाठीमागे नेला आहे. इंग्लंडमधली एरियल ॲटम ही हलकी स्पोर्ट्स कार याच पद्धतीने बांधली जाते. ८७ अश्वशक्ती हा आकडा आज कोणाला मोठा वाटणार नाही. पण गाडीचे वजन साधारण ५२० किलो आहे आणि मूळ स्विफ्ट एक टनाच्या आसपास भरत असे, हे लक्षात घेतले की चित्र बदलते. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही गाडी आणली ती कमी वजनाच्या याच हिशेबावर, आणि १९७३ पासून कॅटरहॅम ही कंपनी ती परंपरा चालवत आहे. आपल्याकडे एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन घालून एका आसनाच्या फॉर्म्युला मारुती गाड्या बांधल्या, त्यामागचा विचारही तोच होता. त्यांचे नाव लाभलेला कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे हाच माझ्या गाडीचा नेहमीचा ट्रॅक आहे.

कारीचा एक फेरा २.१ किलोमीटरचा. सरळ रस्ता लांब नसल्यामुळे तेथे ताकदीपेक्षा ब्रेक आणि वळणे यांचाच कस लागतो, आणि या गाडीला तेच मानवते. स्टिअरिंगला पॉवर नाही, ब्रेकला बूस्टर नाही, चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट वाटते. टायर आणि पॅड तापले की मात्र पायाच्या प्रत्येक दाबाचे उत्तर मिळू लागते. पुढचे चाक लॉक होण्याच्या बेतात आले की स्टिअरिंगमधली बारीक थरथर एकाएकी थांबते, आणि त्याच क्षणी पाय किंचित सैल करावा लागतो. रस्त्यावरच्या आधुनिक गाडीत हे काम संगणक करतो. येथे ते आपल्या तळपायाला शिकावे लागते. चालकासह ही गाडी १२० च्या वेगातून थांबवताना ब्रेकना पचवावी लागणारी ऊर्जा तशाच स्विफ्टच्या तुलनेत निम्म्याहून थोडीच अधिक असते. त्यामुळे ब्रेक फेऱ्यामागून फेरे टिकतात, पॅड आणि टायर हळू झिजतात, आणि साध्या, स्वस्त सुट्या भागांवर दिवसभर गाडी चालवता येते. हलकेपणाचा खरा फायदा मला घड्याळात नव्हे तर येथे दिसतो.

दोषही सांगितले पाहिजेत. गिअरची केबल पाठीमागे लांब नेल्यामुळे दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना दांडा जागा शोधत राहतो. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, साधा असल्यामुळे मंद वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरते. सर्वांत गंभीर बाब तेलाची आहे. लांब वळणात इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधले तेल एका कडेला सरकते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि तेलाच्या दाबाचा दिवा लुकलुकतो. तेल रोखून धरणाऱ्या पडद्या घातलेला चेंबर बसवून घेतल्याशिवाय ही गाडी ट्रॅकवर उतरवू नये. कार्यशाळा तो वेगळे पैसे घेऊन देते, माझ्या मते तो मूळ किमतीतच हवा.

आता कायद्याकडे वळतो, कारण गैरसमज तेथेच सर्वांत जास्त आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी ‘किंवा अन्य कोणत्याही जागी’ चालवता येत नाही. म्हणजे ‘माझ्या बागायतीत, माझ्या खाजगी रस्त्यावर मी काहीही चालवीन’ हा सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद कलमाच्या शब्दांतच अडकतो. ट्रॅक-कारला आधार मिळतो तो कलम २(२८) मधल्या व्याख्येचा. केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन ‘मोटार वाहन’ या संज्ञेतूनच वगळले आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गाडी खरोखर बंदिस्त ट्रॅकसाठीच आहे हे तिच्या रचनेवरून आणि कागदांवरून स्पष्ट दिसले पाहिजे. तिला हेडलाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेटची जागा जोडून ‘रस्त्यासारखी’ करणारे मालक स्वतःचीच बाजू कमकुवत करतात, असे मला वाटते.

पासिंग का होत नाही, याचे उत्तर गाडीकडे नुसते पाहूनही देता येईल. पुढे काच नाही, वायपर नाही, हातब्रेक नाही. स्लिक टायरवर नक्षीच नाही, आणि नियमाला कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी लागते. एअरबॅग बसवायला जागाच नाही. इंजिन प्रदूषणाच्या बीएस-चार मानकाच्याही आधीच्या काळातले, आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-सहा अनिवार्य आहे. पण यातले सगळे जोडले तरी मूळ अडचण उरतेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुना-गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या चाचण्यांचा खर्च हजारो गाड्या विकणाऱ्या उत्पादकालाच परवडतो. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडीही तपासून रस्त्यावर आणण्याची ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ नावाची सोय आहे. तेथील छोट्या कार्यशाळा तिच्या जोरावर टिकून आहेत. आपल्याकडे हौशी बांधकाम करणाऱ्यासाठी तशी वाट नाही, आणि ती असावी असे मला मनापासून वाटते, कारण कोईमतूर, चेन्नई, पुणे येथे या कामाचे कौशल्य आहे आणि ते चार-दोन ट्रॅकांच्या भिंतींत अडकून पडले आहे.

दलाल सुचवतात त्या पळवाटांबद्दल थोडक्यात लिहितो. जुन्या स्विफ्टचे आरसी आणि चेसिस क्रमांक या सांगाड्यावर चढवणे हा सरळसरळ गुन्हा आहे. नोंदणीकृत गाडी घेऊन तिच्यात मनासारखे बदल करण्याचा मार्गही कलम ५२ ने अडवला आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेली गाडी चालवण्याची परवानगी, हे उत्पादक, विक्रेते आणि चाचणी संस्था यांच्यासाठी असते, हौशी मालकासाठी नव्हे. परदेशातून जुनी गाडी आणावी म्हटले, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी अशा अटी आहेत. मुरगाव बंदर दाराशी असून त्याचा येथे उपयोग नाही.

नोंदणीशिवाय रस्त्यावर सापडल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते आणि विमा मुळीच नसतो. एखादा दुचाकीस्वार जखमी झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाईल, आणि जखमी माणसाच्या हाती ती पडेलच याची खात्री नाही. म्हणून ‘रविवारी पहाटे बायपासवर एक फेरी’ हा प्रस्ताव मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. ट्रॅकवर तर नोंदणीकृत गाडीची साधी पॉलिसीही उपयोगी नाही, कारण शर्यत आणि वेगचाचणी त्यातून वगळलेली असते.

गोव्यात कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. जे आहे ते कार्टिंग. त्यामुळे कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक गाठण्यासाठी गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून अनमोड घाटाने बेळगाव, हुबळी, बंगळूर असा प्रवास करावा लागतो. स्वतःचा ट्रेलर घ्यावा असे वाटेल, पण कायद्याच्या लेखी ट्रेलर हेही वाहनच असल्यामुळे त्याचीही नोंदणी लागते. मला भाड्याचा फ्लॅटबेड सोयीचा पडतो. गाडीचे नाक जमिनीपासून चार बोटे उंच असल्यामुळे चढवताना उताराखाली लाकडी फळ्या द्याव्या लागतात आणि एका माणसाने खाली वाकून अंतर पाहत राहावे लागते. मोले येथील नाक्यावर पोलीस नंबरप्लेट नसलेल्या गाडीबद्दल विचारणारच, आणि ते योग्यच आहे. विक्रीची पावती आणि इंजिन व सांगाड्याचा क्रमांक नोंदवून ‘फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी’ असे लिहिलेले कार्यशाळेचे पत्र दाखवले की ड्रायव्हरला पुढे जाऊ देतात. गाडी खाली उतरवून ‘थोडी चालवून दाखवतो’ असे मात्र ड्रायव्हरने कधीही म्हणू नये, हे त्याला आधीच बजावून ठेवावे.

येथील हवा हा वेगळा विषय आहे. फोंडा किनाऱ्यापासून आत असले तरी पावसाळ्यात गॅरेजच्या चिऱ्यांना ओल सुटते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील तेथे ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. जुलैअखेर प्रत्येक रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागली, ती बोटाने पुसली तर खाली बारीक खड्डा लागतो. आता पत्रा आणि नळी यांच्यामध्ये सीलंटची पट्टी घालून, रिव्हेट ओल्या प्रायमरमध्ये बुडवून बसवून घेतले आहेत. गॅरेजमध्ये आर्द्रता शोषणारे यंत्रही चालू असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी ठोकळ्यांवर, टायर काढलेली, आणि बॅटरी घरात अशी ठेवावी.

ज्याला महिन्याकाठी गाडी चालवायची आहे त्याने ती कोईमतुरातच एखाद्या टीमच्या शेडमध्ये ठेवावी आणि आपण स्वतः जावे. वाहतुकीचा खर्च पाहता तेच शहाणपणाचे आहे. माझ्यासारखी स्वतःच्या हाताने पाने-स्पॅनर फिरवण्याची ज्याला आवड आहे, ज्याच्याकडे कोरडी जागा आहे आणि खर्च वाटून घेणारा एखादा भागीदार आहे, त्याला मी ही गाडी निःसंकोच सुचवीन. घेताना मागच्या सस्पेन्शनचे हात सांगाड्याला जेथे मिळतात तेथील वेल्ड विजेरीने तपासावेत, पडदे असलेला तेलाचा चेंबर करारात लिहून घ्यावा, आणि विक्रेता ‘पासिंग नंतर करून देतो’ म्हणाला तर व्यवहार तेथेच थांबवावा.