फराळाच्या यादीसाठी ईमेल सेवा: तीन वापरल्या, एक ठेवली

डोंबिवलीत आमचा मसाल्यांचा आणि फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. वर्षभर गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. एप्रिल-मेमध्ये वर्षाचं तिखट. आणि गणपती उठले की फराळाची धांदल, कारण परदेशी जाणारी पार्सलं दसऱ्याच्या आसपास निघाली नाहीत तर दिवाळीला पोहोचत नाहीत.

“व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, मग ईमेल कशाला?” हे नवऱ्याने विचारलं, भाच्याने विचारलं, कुरिअरवाल्यानेही विचारलं. उत्तर सोपं आहे. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ च माणसं बसतात, आणि ज्याने आमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो मेसेज जातो. आमची अडचण नेमकी इथेच होती. ऑर्डर द्यायला आई-बाबा येतात, पार्सल जातं न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला. त्या मुलांनी आमचा नंबर कशाला साठवावा? पण कुरिअरच्या फॉर्मवर त्यांचा ईमेल लिहिलेला असतो.

तर यादीतल्या सगळ्यांना एकगठ्ठा मेल पाठवून देणाऱ्या तीन सेवा गेल्या तीन वर्षांत वापरल्या. पहिल्या दोघांची नावं घेत नाही, कारण पहिल्या वेळी निम्मी चूक माझीच होती.

सासऱ्यांच्या वहीतले सगळे पत्ते मी दोन रात्री बसून टाइप केले. चौदाशेच्या वर भरले. सासऱ्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजीत ‘यू’ आणि ‘व्ही’ एकसारखे. शिवाय गिऱ्हाइकांनी सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं लिहिलेलं: कुठे ‘जीमियल’, कुठे शेवटी ‘डॉट कॉन’. एका पानावर तर तुपाचा डाग, त्याखाली चार पत्ते. तेही मी अंदाजाने टाइप केले! पहिलीच मेल सगळ्यांना एकदम पाठवली, १७० परत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातं बंद. परत येणाऱ्या मेलचं प्रमाण वाढलं की पाठवणाऱ्याला स्पॅमवाला समजतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. माझा राग एवढाच, की ऐन नवरात्रात सहा वेळा लिहून सहाही वेळा यंत्राचंच उत्तर आलं.

मग यादी निवडली. आता फॉर्मवर ‘पुढच्या फराळाची माहिती मेलवर पाठवू का?’ असा चौकोन आहे. ज्यांनी खूण केली तेच यादीत, जुन्यांना फोन करून विचारलं. १,१४० उरले. आधी जीव हळहळला, मग लक्षात आलं की गळालेल्यांनी तशीही मेल उघडलीच नसती.

दुसरी सेवा दिसायला देखणी, पण हिशेब यादीतल्या नावांवर. म्हणजे मेल पाठवा किंवा न पाठवा, नावं साठवल्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला. ज्यांनी ‘नको’ म्हणून यादीतून अंग काढून घेतलं, तेही मोजणीत धरलेले. असा हिशेब बऱ्याच जणांचा आहे, आणि रोज काहीतरी विकणाऱ्याला तो परवडतही असेल. पण आमचं काम हंगामी. जानेवारी-फेब्रुवारीत मी एकही मेल पाठवली नव्हती, तरी डॉलरमधलं बिल दोन्ही महिने आलं. फेब्रुवारीचं बिल पाहून सासूबाई म्हणाल्या, “रिकाम्या डब्यांचं भाडं भरतेस होय गं?”

त्या एका वाक्यावर तिसरी सेवा निवडली. ब्रेव्हो. पॅरिसची कंपनी, २०२३ पर्यंत तिचं नाव सेंडिनब्लू होतं, म्हणून जुने व्हिडिओ शोधायचे तर त्या नावाने शोधा. इथे पैसे मुख्यतः किती मेल पाठवल्या त्यावर ठरतात, यादीत किती नावं आहेत त्यावर नाही. फुकट योजनेत दिवसाला ३०० मेल जातात आणि तळाशी त्यांचा शिक्का असतो. माझी यादी चार दिवसांत संपते. वर्षभर मला ते चालतं. उलट बरंच पडतं, कारण सगळ्यांना एकदम भाजणीची मेल गेली तर एकदम येणाऱ्या ऑर्डरी दळून कोण देणार? सोमवारी पहिले ३००, मंगळवारी पुढचे, तोवर गिरणीचा एक घाणा निघालेला असतो. फराळाच्या वेळी मात्र नोंदणी सगळ्यांना एकाच दिवशी कळायला हवी, नाहीतर चौथ्या दिवशीवाल्यांना अनारसे मिळत नाहीत आणि त्यांचे आई-बाबा काउंटरवर येऊन भांडतात. म्हणून ते दोन महिने पैसे भरते आणि नोव्हेंबरात परत फुकट योजनेवर येते.

अशा सेवांमध्ये मेलचिंपचं नाव सगळ्यात आधी कानावर येतं, माझ्याही आलं. शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण तारीख बघून घ्या. एके काळी त्यांच्या फुकट योजनेत २,००० नावं बसायची, आता फार कमी बसतात. कुठल्याही सेवेच्या फुकट योजनेचं असंच असतं, आज दिसलेला आकडा वर्षाने असेलच असं नाही. आणि रुपयांत जीएसटीचं बिल हवं असेल तर झोहो बघा. चेन्नईची कंपनी. माझ्या मैत्रिणीचं केकचं काम आहे, तिने तेच घेतलं, कारण तिच्या सीएला डॉलरचा उल्लेखच सहन होत नाही.

सेवा कुठलीही घ्या, आधी स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे इंटरनेटवर आपल्या व्यवसायाच्या नावाचा पत्ता. मी वर्षभर जीमेलच्या पत्त्यावरूनच या सेवांमधून पाठवत होते आणि निम्म्या मेल स्पॅममध्ये पडत होत्या. कारण साधं आहे: पत्ता जीमेलचा, पण मेल निघते भलत्याच सर्व्हरवरून, मग समोरच्याला संशय येणारच. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्वतःचं डोमेन असलं की मेल खरंच आपल्याकडूनच आली हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा नोंदी त्यात टाकता येतात. नावं भीतीदायक आहेत, काम म्हणाल तर ब्रेव्होने दिलेल्या दोन-तीन ओळी डोमेनच्या पानावर नेऊन चिकटवायच्या. मी भाजणी थंड होईपर्यंत केलं. एक ओळ चिकटवताना शेवटचं अक्षर सुटलं होतं, ते शोधण्यात मात्र दुपार गेली.

आता मराठीत मेल पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही. जीमेल साधारण १०२ केबीच्या (एक केबी म्हणजे सुमारे हजार बाइट) पुढची मेल कापतं आणि खाली ‘पूर्ण मेल पाहा’ अशा अर्थाची बारीक ओळ दाखवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन. नुसतं ‘श्री’ लिहिलं तरी श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून बारा बाइट झाले. मी हौसेने एकाच मेलमध्ये दरपत्रक, भाजणीची कृती आणि सासूबाईंचं मनोगत घातलं. त्यात तयार साच्याचं वजन आलंच. मेल कापली गेली आणि ‘ऑर्डर द्या’ हे बटण होतं सगळ्यात खाली! दोन दिवस एकही ऑर्डर नाही. आता बटण वर, मनोगत खाली.

विषयाची ओळही छोटी ठेवा. ‘दिवाळीच्या फराळाची नोंदणी सुरू झाली असून’ एवढ्यावरच सासूबाईंच्या फोनची पट्टी संपली. बदलून ‘चकली, अनारसे: नोंदणी सोमवारपासून’ केलं.

किती जणांनी मेल उघडली त्या आकड्यावर भुलू नका. २०२१ पासून आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय आहे की माणसाने मेल उघडली नाही तरी उघडल्याची नोंद होऊ शकते, आणि परदेशातल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे आयफोन. मी फक्त बटण किती जणांनी दाबलं ते बघते. गेल्या दिवाळीत मेलवरून ६१ ऑर्डरी आल्या. बाकीच्या फोनवरूनच आल्या.

आणि ‘नोरिप्लाय’ पत्ता, म्हणजे ज्यावर उत्तर पाठवता येत नाही असा, ठेवू नका, खरी पेटी ठेवा. गेल्या वर्षी नोंदणीची मेल गेली त्या रात्री मेलबर्नहून एका मुलीचं उत्तर आलं: “मागच्या खेपेला चकली मऊ पडली होती. आईला सांगितलं नाही, तिला वाईट वाटलं असतं. यंदा जरा बघाल का?” सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः परत वाचलं, डब्याऐवजी चकली छोट्या पाकिटांत सील करायला लावली, आणि त्या पार्सलमध्ये कडबोळ्यांचं एक पाकीट जास्तीचं टाकलं. बिलात लावलं नाही.