जिम्नीसाठी ४० मिलिमीटरचे लिफ्ट किट : उंची मिळते, पण टिकते का?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली आणि तिच्या पाठोपाठ तिची उंची वाढवून देणारी किटही पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतून दिसू लागली. मी बसवून घेतलेले किट देशी बनावटीचे असून त्यात चार स्प्रिंगा, चार शॉकअप, वाढीव लांबीचे बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून लावलेले रबरी ठोकळे) आणि पुढच्या ॲक्सलसाठी लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) एवढे सामान येते. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्यांतल्या काही सगळ्याच किटना लागू पडणाऱ्या आहेत. गाडी एरवी शहरात चालते. पावसाळ्यात मात्र ताम्हिणी, मुळशीचा मागचा भाग आणि कोकणात उतरणारे कच्चे रस्ते हा तिचा राबता असतो.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारे अखंड ॲक्सल आहेत, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर उचलतो फक्त मोठा टायर. आणि मूळचा १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला तरी तेथे जेमतेम ५ मिलिमीटरची भर पडते. लिफ्टने वर जाते ते गाडीचे पोट. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) २२५० मिलिमीटर आहे आणि आपल्याकडच्या गाडीचा २५९०. या वाढीव लांबीमुळेच ती उंचवट्यावर पोटावर टेकते आणि कंपनीने दिलेला रॅम्प ब्रेकओव्हर कोनही (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंशांचाच आहे. तेवढ्यापुरता ४० मिलिमीटरचा उपयोग निर्विवाद आहे. बांध ओलांडताना खालून येणारा खरवडल्याचा आवाज आता क्वचितच ऐकू येतो.

किटमधला सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे स्प्रिंगा. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर बसवण्यापूर्वी, बसवल्यावर आणि पावसाळा संपल्यावर मोजले, तेव्हा पुढच्या बाजूला नाव घेण्याजोगी घट आढळली नाही. मागची बाजू थोडी बसली आहे. तीन दारांच्या हलक्या गाडीसाठी बेतलेल्या स्प्रिंगा पाच दारांच्या गाडीला सर्रास विकल्या जातात, तेव्हा त्या कोणत्या गाडीसाठी आहेत, हे खरेदीपूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारावे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) बसवणार की नाही, हेही त्याने आपण होऊन विचारायला हवे. त्या वजनासाठी केलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातली, तर खड्ड्याखड्ड्याला कंबरेत दणका बसतो.

शॉकअपबद्दल असे चांगले लिहिता येत नाही. मागच्या उजव्या शॉकअपने पहिल्याच पावसाळ्यात तेल सोडले. दांड्यावर तेलाचा नुसता पातळ थर दिसणे सर्वसाधारण मानले जाते आणि किटच्या उत्पादकाच्या माणसाचे पहिले उत्तरही तेच होते; परंतु नळीवरून ओघळ उतरून त्यावर लाल मातीचा लगदा चिकटला असेल आणि पुसून काढल्यावर आठवड्याभरात तो पुन्हा दिसत असेल, तर सील गेले असे समजायला हरकत नाही. कारणही उघड आहे. कोकणातला बारीक चिखल दांड्यावर वाळतो, दांडा आत जाताना तो सीलला घासतो आणि या शॉकअपवर माती अडवणारे आवरणच दिलेले नाही. शॉकअप बदलून मिळाला. मात्र त्यासाठी फोटो, व्हिडिओ आणि पावती यांचा बराच पत्रव्यवहार करावा लागला.

खरा कस लागतो तो या दोन्हींच्या पलीकडे. गाडी वर गेली की रेडियस आर्मचा (ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, ॲक्सल किंचित पुढे कलंडतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कॅस्टरमुळे असते. ती कमी झाली की द्रुतगती मार्गावर गाडी सतत सावरत न्यावी लागते, आणि किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचे चाक वळते ते) किंवा एखादा बुश (सांध्यातला रबरी तुकडा) आधीच सैल असेल तर पुढची चाके थरथरू लागतात. हा कोन परत आणण्यासाठी मध्य सरकवलेले बुश मिळतात. माझ्या किटमध्ये ते नव्हते, वेगळे पैसे मोजून घ्यावे लागले. ज्या किटला कॅस्टरची दुरुस्ती जोडलेली नाही, त्याला ‘संपूर्ण किट’ म्हणून विकणे ही माझ्या मते सरळसरळ फसवाफसवी आहे. पॅनहार्ड रॉडचेही तसेच : पुढचा मिळतो, मागचा नाही, त्यामुळे मागचा ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकलेला राहतो. चालवताना ते जाणवत नाही, पण मागून पाहिल्यावर एक टायर मडगार्डबाहेर अधिक आलेला दिसतो आणि तो मला अजूनही खुपतो.

बसवणीतही तेवढीच मेख आहे. ज्या गॅरेजात काम केले, तेथील फिटरने गाडी जॅकवर असतानाच आर्मचे सगळे बोल्ट कसून आवळायला घेतले होते. ॲक्सल खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर त्याच स्थितीत रबर पकडले जाते आणि गाडी चाकांवर उतरली की ते कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांतच तडकते. म्हणून बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोनचार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. किटबरोबर आलेल्या एकपानी सूचनापत्रकात याचा उल्लेखही नाही. बुश लवकर गेल्याच्या निम्म्या तक्रारींचा उगम येथेच असावा, असा मला दाट संशय आहे. उंची वाढल्यावर स्टिअरिंग तिरके येते, तेही ड्रॅग लिंकची (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी जुळवून त्याच दिवशी सरळ करून घ्यावे, कारण ते तिरकेच राहिले तर कोन मोजणाऱ्या सेन्सरचा गोंधळ होऊन ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी ॲक्सल पूर्ण खाली सोडून ताणल्या जात नाहीत ना, हे पाहण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

दुकानदार किट ‘पूर्णपणे कायदेशीर’ असल्याचे सांगतात, त्यावर विसंबू नये. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. विम्याचा दावा करताना हा बदल आड येऊ शकतो, तो वेगळाच.

स्प्रिंगा मी ठेवणार आहे. शॉकअप मात्र उघडून सील आणि तेल बदलता येईल अशा जातीचे घेईन, कारण सध्याचे बंद जातीचे आहेत आणि गळले की भंगारातच जातात. मागचा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टरचे बुश याच उत्पादकाने किमतीत धरून दिले, तर थोडे जास्त पैसे मोजूनही हे किट घ्यायला माझी हरकत नसेल. आजच्या स्वरूपात ते अर्धेच आहे.