टारा लाइटब्रिज: सोबत रेडिओ हवाच

टारा लाइटब्रिज म्हणजे लेझरने हवेतून डेटा पाठवणारी ट्रॅफिक सिग्नलएवढी पेटी: केबल न पुरता २० किलोमीटरपर्यंत २० जीबीपीएस. दावा पोकळ नाही. ब्राझाव्हिल आणि किन्शासा यांच्यामध्ये काँगो नदीवरून जाणाऱ्या सुमारे ५ किलोमीटरच्या लिंकने २० दिवसांत जवळजवळ ७०० टेराबाइट डेटा वाहिला, तोही ९९.९ टक्के उपलब्धतेने. म्हणजे २० दिवसांत जेमतेम अर्धा तास बंद. फायबरला त्याच दोन शहरांसाठी ४०० किलोमीटरहून मोठा वळसा पडतो.

पण हे आकडे तिथल्या हवेचे आहेत. दृश्यता २०० मीटरवर आली की लेझरचं किलोमीटरमागे सुमारे ८५ डेसिबल नुकसान होतं (दर १० डेसिबलला सिग्नल एक दशांश उरतो). त्याच धुक्यात ८० गिगाहर्ट्झचा ई-बँड रेडिओ अर्धा डेसिबलही गमावत नाही. म्हणून बहुतेक जण डोळे मिटून लेझरला ई-बँडची जोड देतात. उत्तरेतल्या हिवाळी धुक्यासाठी ते योग्यच आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र ही जोडी फसते. ताशी ५० मिलिमीटर पावसात ई-बँडचे किलोमीटरमागे सुमारे १९ डेसिबल जातात आणि लेझरचेही १५च्या आसपास. दोघं एकाच सरीत आडवे. वर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जुलैत ढग थेट जमिनीवर बसतो. तिथे ५ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ घ्या: पावसाचा परिणाम नगण्य, भारतात परवाना लागत नाही, वेग काहीशे एमबीपीएस. फोन, पेमेंट आणि नियंत्रणाचा ट्रॅफिक तेवढ्यात निभावतो.

खरी कसोटी लेझर आणि रेडिओ यांच्यातल्या अदलाबदलीची. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने ऑर्का आणि फोएनेक्स या प्रकल्पांतून विमानांवरच्या प्रकाश-रेडिओ जाळ्यांसाठी पैसा पुरवला, तेव्हा लेझरइतकंच लक्ष बफर (डेटा क्षणभर साठवून ठेवणारी मेमरी), पुनःप्रेषण आणि ट्रॅफिकच्या प्राधान्यक्रमावर दिलं गेलं. हा धडा गच्चीवरही तितकाच लागू आहे. तापलेल्या छतावरच्या हवेने सिग्नल काही मिलिसेकंदांसाठी बुडतो. १० जीबीपीएसवर १० मिलिसेकंदांचा खंड झाकायला १२.५ मेगाबाइट बफर लागतो. त्यासाठी रेडिओवर उडी मारायची गरज नाही. मार्जिन (लेझर चालायला लागणाऱ्या किमान सिग्नलपेक्षा जास्तीचा सिग्नल) ३ डेसिबलखाली टिकून राहिलं तरच रेडिओवर जा, आणि ६ डेसिबलच्या वर सलग मिनिटभर राहिल्यावरच परत या. नाहीतर लिंक दिवसभर इकडून तिकडे टोलवली जाते. दोन्ही लिंक एलएसीपीने (अनेक लिंक जोडून एकच लिंक बनवणाऱ्या नेटवर्क पद्धतीने) एकत्र बांधू नका. ते वेग पाहून वाटप करत नाही, त्यामुळे निम्मे प्रवाह रेडिओत तुंबतात.

मार्ग पूर्व-पश्चिम असेल तर सूर्य थेट रिसीव्हरमध्ये शिरण्याचे दिवस आधी काढून ठेवा. शिवाय लेझरला दोन झाडांमधली फट पुरते, रेडिओला नाही: ५ किलोमीटरच्या लिंकवर ५.८ गिगाहर्ट्झला मधोमध फ्रेनेल झोनची (थेट रेषेभोवती रेडिओ लहरी व्यापतात त्या पट्ट्याची) त्रिज्या ८ मीटर भरते, आणि त्यातले निदान ५ मीटर मोकळे हवेत. टॉवरची उंची रेडिओच्या हिशेबाने ठरवा.