रिव्हर्स वॉकर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव (मालवण)

लेक सात वर्षांची, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा प्रकार, पायांचे स्नायू ताठ राहतात), जीएमएफसीएस लेव्हल ३, म्हणजे हातात धरायच्या साधनाच्या आधाराने चालते. वॉकर पाठीमागे धरून ओढत चालायचा, चार चाकांचा, घडीचा. मापं-वजनं सगळीकडे सापडतील. मला बोलायचंय ते मागच्या चाकांच्या खिट्टीबद्दल.

ही खिट्टी चाक पुढे जाऊ देते, उलटं फिरू देत नाही. मूल दमून मागे रेललं की वॉकर जागचा हलता कामा नये. आमच्याकडे गणपतीच्या सुमारास डावी खिट्टी धरेनाशी झाली. उघडून बघितलं तर आतल्या स्प्रिंगचा गंजून भुगा. लेक खळ्यात मागच्या मागे पडली, डोकं चिऱ्यावर आपटायचं थोडक्यात वाचलं. विक्रेता म्हणे, गंज वॉरंटीत बसत नाही, अख्खा वॉकर मुंबईला पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. तोवर पोरीने चालायचं कशाने? एवढे पैसे घेऊन साधी लोखंडी स्प्रिंग घालायची आणि वर खाऱ्या हवेकडे बोट दाखवायचं, याचा संताप अजून गेलेला नाही. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात स्टेनलेसची स्प्रिंग मिळाली, ती सायकलवाल्याने बसवून दिली. अजून पक्की आहे.

तेव्हा या वॉकरला रिव्ह्यूत एकच तारा दिला होता. आज तीन करतेय, कारण तिचं चालणं बदललंय. पुढून ढकलायच्या वॉकरवर ती कमरेतून वाकायची, यात पाठ सरळ राहते. अर्थात श्रेय एकट्या वॉकरचं नाही. आधी सगळा भर पाय ताणण्यावर होता. नव्या फिजिओताई म्हणाल्या, चाल सुधारायची तर सराव चालण्याचाच हवा. नुसतं ताणून किंवा नुसती ताकद वाढवून ती आपोआप सुधारत नाही. अलीकडचे अभ्यासही याच बाजूचे आहेत. म्हणून आता पायाला आधाराची स्प्लिंट घालून पाटावरून उठ-बस, ओटीच्या पायरीवर चढ-उतार, आणि मुख्य म्हणजे तिला जिथे जायचंय तिथे तिने जायचं: विहिरीपर्यंत, शेजारच्या मांजरीपर्यंत. दुखलं की थांबायचं. पडवीत खडूने दहा मीटर आखलेत, मोबाईलवर वेळ लावते. वेळ हळूहळू खाली येतोय.

पुढची चाकं मात्र लहान आहेत, जांभ्याच्या खाचेत अडकतात. मोठी मिळत असतील तर तीच घ्या.

खिशातून पैसे घालण्याआधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत चौकशी करा, मुलांची साधनं त्यात मिळतात. सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वासाठीचा सरकारी निरामय आरोग्य विमा १ लाखापर्यंत आहे, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. आणि दुकानात घ्यायला गेलात तर स्प्रिंग स्टेनलेसची आहे असं बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.