विंडोजमधली देखभालीची साधनं: पुरेशी आहेत, पण शोधावी लागतात

कॉम्प्युटर रखडायला लागला की बरेच जण आधी एखादं ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ उतरवून घेतात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याची गरज नाही. लागणारी साधनं आतच आहेत. तक्रार एवढीच की ती चार ठिकाणी विखुरलेली आहेत आणि कुठलं कधी वापरायचं हे विंडोज सांगत नाही.

सगळ्यात सरस टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि मशीन रखडलेलं असतानाच आकडे बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकली असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क सतत १०० टक्के (म्हणजे भरलेली नव्हे, सतत कामात) असेल तर फाइल्स पुसून फारसा फरक पडणार नाही. स्टार्टअपच्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा भार लिहिलेला असतो. ‘हाय’ म्हणजे सुरू होताना एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर-वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कची उलाढाल. चॅट, गेम लाँचर, अपडेटर असले प्रोग्रॅम बिनधास्त डिसेबल करा. ते अनइन्स्टॉल होत नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंडच्या नोंदींना हात लावू नका.

तिथेच सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ दिसतो. रोज शटडाउन करूनही तो कित्येक दिवसांचा दिसला तर दचकू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते. ही गोष्ट विंडोजने ठळक सांगायला हवी होती.

सेटिंग्जच्या स्टोरेजमधलं ‘टेंपररी फाइल्स’ ठीकठाक. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरच वेगात फरक जाणवेल; १५-२० टक्के जागा मोकळी राहू द्या. यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावरची टिक आधी तपासा. थंबनेल्स (फोटोंची छोटी चित्रं) पुसू नका, नाहीतर फोटोंचे फोल्डर पहिल्यांदा उघडताना उलट रखडतील. जुन्या विंडोजच्या फाइल्स काढल्या की मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही.

‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ आपलं काम आठवड्यातून एकदा गुपचूप करतं: हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅग (विखुरलेला डेटा एकत्र आणणं), एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) असेल तर ट्रिम (पुसलेल्या डेटाची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवणं). वेळापत्रक चालू आहे ना, एवढंच बघा. एसएसडीवर बाहेरचं डीफ्रॅग चालवणं म्हणजे तिची नाहक झीज.

रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅम्सच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर मात्र टाळाच. नोंदी कमी केल्याने जाणवेल असा वेग वाढत नाही. चुकीची नोंद उडाली तर प्रोग्रॅम बंद पडतो, कधी विंडोजच सुरू होत नाही.

या साधनांची मर्यादा हार्ड डिस्कपाशी येते. फिरत्या तबकडीला विखुरलेला डेटा शोधायला दरवेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतकेच. डिस्क १०० टक्क्यांवरून हलत नसेल तर आधी बॅकअप घ्या, डिस्कची ‘स्मार्ट’ स्थिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासा, कारण मरणासन्न डिस्कही अशीच वागते. मग डेटा क्लोन करून (डिस्कची हुबेहूब नक्कल करून) एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी लागते, पण विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून खात्री करा.