सहा स्टॉपचा एनडी फिल्टर: मामा तलावाच्या पाळीवर शिका, मग समुद्रावर न्या

भंडारा-गोंदियाकडून कोकणात फोटो काढायला निघायचं तर येण्या-जाण्यातच निम्मी सुट्टी खर्च होते, आणि समुद्राच्या दोन-तीन संध्याकाळी हाती लागतात. त्यातली एक फिल्टरचा हिशोब जुळवण्यात घालवणं परवडत नाही. म्हणून ७७ मिमीचा, पितळी कडीचा, डब्यावर एनडी६४ लिहिलेला हा फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये शिरणारा उजेड कमी करणारी काळसर काच, आधी घरच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर वापरून पाहावा. त्या शिक्षणासाठी याहून सोयीचा फिल्टर नाही.

एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; ६ स्टॉप म्हणजे उजेडाचा चौसष्टावा हिस्सा. फिल्टरशिवाय १/६० सेकंद येत असेल तर फिल्टर लावल्यावर १ सेकंद, १/१५ ला ४, १/४ ला १६. त्याहून अंधार पडला की कॅमेऱ्याची ३० सेकंदांची हद्द ओलांडते आणि बल्ब मोड (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं तो) व रिमोट लागतो. एफ/११, आयएसओ १०० वर मावळतीच्या वेळी १ ते १५ सेकंदांचा पट्टा मिळतो. पाण्याची चाल दिसते ती याच पट्ट्यात. १० स्टॉपचा फिल्टर त्याच वेळी मिनिटांवर नेतो; लाटांचं धुकं होतं आणि समुद्र दुधाच्या कढईसारखा सपाट दिसतो.

व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून कमी-जास्त काळा करता येणारा फिल्टर, घ्यायचा मोह अनेकांना होतो. त्यात दोन पोलरायझर (चमक आणि प्रतिबिंब कापणाऱ्या काचा) एकावर एक असतात. वाइड लेन्सवर जास्त फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. त्याहून मोठी अडचण पाण्याची: उजेड कमी करायला पुढची काच फिरवली की पाण्यावरचं प्रतिबिंबही कमी-जास्त होतं. मोहाच्या झाडाची सावली तळ्यात हवी तेवढी ठेवून सेकंद वाढवता येत नाहीत. साध्या एनडीत ही गुंतागुंतच नाही.

डब्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो फिल्टरशिवाय १/६० ला, दुसरा फिल्टर लावून १ सेकंदाला घ्या. छिद्र आणि आयएसओ तेच. दोन्हींचे हिस्टोग्राम (कॅमेरा दाखवतो ते उजेडाचे आलेख) एकावर एक बसले तर फिल्टर खरा. हा नमुना एका स्टॉपच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जास्त काळा निघाला, म्हणून दर वेळी सेकंद सव्वापट करावे लागतात. रंगात किंचित तपकिरी छटाही येते. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून, सुरुवातीला फिल्टरसकट पांढऱ्या कागदाचा एक फोटो घेतला की ती एका क्लिकमध्ये निघते. जेपेगवर काढणाऱ्यांना हा फिल्टर त्रास देईल.

जानेवारीच्या पहाटे, पाण्यावर धुकं असताना पाळीवर ट्रायपॉड लावा. पाय ओल्या गाळात रुततात. तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवले नाहीत तर ८ सेकंदांत कॅमेरा केसभर खचतो आणि फोटो कुठेच तीक्ष्ण येत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून उजेड शिरून फोटोत जांभळट पट्टा येतो. बारीक तरंग ४ सेकंदांत पुसले जातात, पण काठाची बेशरमाची झुडपं आणि कमळाची पानं वाऱ्याने हलून फिसकटतात. त्यावर उपाय सोपा: त्याच चौकटीत फिल्टर काढून एक झटपट फोटो घ्यायचा आणि पानं त्यातली वापरायची.

समुद्रावर गणित तेच, पाणी वेगळं. लाट फुटताना बटण दाबलं तर नुसता पांढरा लगदा येतो. लाट परत फिरू लागली की अर्धा ते एक सेकंद द्या. ओसरणाऱ्या फेसाच्या रेघा वाळूवरून समुद्राकडे धावताना दिसतात. दहा-पंधरा लाटा फक्त बघा, मग बटणाला हात लावा. हा फिल्टर घाई करूच देत नाही आणि त्याची खरी गोडी तिथेच आहे.

वेळेचंही लक्षात ठेवा. डिसेंबरात गोंदियापेक्षा रत्नागिरीला सूर्य अर्ध्या तासाहून थोडा उशिरा मावळतो. भरतीसाठी तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आसपास, म्हणून मावळतीला ओहोटी आणि ओल्या वाळूत आकाशाचा आरसा. अंदाजच तो, खडकावर उतरण्याआधी गावच्या कोळ्यांना विचारा, आणि अष्टमीच्या संध्याकाळी परतीची वाट आधी पाहून ठेवा.

खारे तुषार काचेवर वाळले की कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचा कण चरा पाडतो. गोड्या पाण्याने धुवा, मग पुसा. लोणारच्या काठावर वापरला तरी हेच. तिथलं पाणी खारं आणि वर अल्कधर्मी, वाळलं की पांढरी पुटं धरतं. आट्यांत वाळू गेली तर पितळी कडीसुद्धा अडकते. अशा वेळी दोन बोटांनी कडा आवळल्या की कडी लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. स्वच्छ रबरी चपलेचा तळवा कडीवर सपाट टेकवून, दाब न देता डावीकडे फिरवा. निघते.

१८-५५ किट लेन्सला ७७ मिमी थेट बसत नाही, स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लागते आणि मग हूड चढत नाही. समोरून ऊन असेल तर हाताची सावली धरावी लागते. तरीही पुढची लेन्स डोळ्यासमोर ठेवून मोठा फिल्टर एकदाच घेणं बरं. मात्र १६ मिमीच्या वाइडवर यावर पोलरायझर चढवू नका, चारही कोपरे काळे होतात.