बेरिंग दुसऱ्यांदा गेलं: परत ग्राइंडिंग मारायची, नवी क्रँक टाकायची की दुसरं इंजिनच बसवायचं

इंजिन काम करून दोन महिने झाले नाहीत आणि खालून परत ठकठक यायलाय, ह्या दुखण्यातून जो गेलाय त्यालाच ते कळतं. मागल्या साली आमच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला हेच झालं, गाव औसा तालुक्यात, तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर. पहिल्यांदा दोन नंबरचं कनेक्टिंग बेरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जिथं धरतो तिथलं दोन अर्ध्यांचं बेरिंग) जागेवरच फिरलं तेव्हा फुल इंजिन काम केलं, क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) वीस साईज मारली, म्हणजे ग्राइंडिंगनं घासून तेवढी बारीक केली, ६० तास चालला आन तेच बेरिंग गेलं, मग तीस मारली तर तेबी ४० तासांत संपलं. मृग तोंडावर आलेला, आणि एक जण म्हणायलाय परत ग्राइंडिंग मार, दुसरा म्हणतोय नवी क्रँक टाक, तिसरा म्हणतोय कशाला कटकट, चालू इंजिन आणून बसव. तुम्ही पण ह्याच चौकात उभे असाल तर हे सगळं वाचा.

पहिली गोष्ट, खोललेली बेरिंगं भंगारात जाऊ देऊ नका. कोणत्या नंबरचं, वरचा अर्धा कोणता, खालचा कोणता, मार्करनं लिहून ठेवा, कारण तिन्हीतला कोणता रस्ता धरायचा ते ह्या तुकड्यांवरच ठरतं. सगळीच बेरिंगं सारखी घासलेली असतील तर दोष तेलात बघा, म्हणजे पंप, चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी, रिलीफ वाल (जादा प्रेशर सोडणारा), नाहीतर तेलात डिझेल किंवा पाणी मिसळतंय (डिपस्टिकवर तेल आपोआप वाढत असेल तर डिझेल किंवा पाणी उतरतंय हे धरून चला). पृष्ठभागावर रेघा आणि रुतलेले बारीक कण दिसले तर पहिल्या वेळचा चुरा इंजिनातच राहिलाय. घास एका अर्ध्याच्या डाव्या कडेला आणि दुसऱ्याच्या उजव्या कडेला असेल तर रॉड वाकलाय. सगळ्या रॉडचा वरचाच अर्धा जास्त खाल्लेला असेल तर इंजिनवर ओढ जास्त पडतीय, आपल्या काळ्या रानात ओल असताना मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर नांगर ओढला की हेच होतं.

आणि एकच बेरिंग परत परत जात असेल, तर तेल बिचारं बहुतेक निर्दोष असतं. तिथं तो रॉड, तो जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग), आणि त्या जर्नलपर्यंत तेल येण्याची वाट एवढंच बघायचं. कनेक्टिंगला तेल मेन जर्नलमधून (ज्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरते तो) क्रँकच्या आतल्या भोकानं येतं, म्हणून ज्या इंजिनात मेन बेरिंगच्या एकाच अर्ध्याला भोक असतं तिथं तो अर्धा ब्लॉकच्या बाजूला बसला पाहिजे, उलटा बसला की त्या मेनला आणि त्याच्यावर चालणाऱ्या कनेक्टिंगला तेलच नाही. हे आमच्याकडं तपासलं, बरोबर होतं. मग बेरिंगची पाठ बघितली, ती घासून चकाकत होती, म्हणजे बेरिंग रॉडमध्ये घट्ट बसलेलंच नव्हतं. एकदा बेरिंग फिरलं की रॉडचं भोक तापून लंबगोल होतं, नवं बेरिंग कितीबी चांगल्या कंपनीचं टाका, ते सैल बसणार आणि परत फिरणार. दोन्ही वेळा क्रँक मापली, रॉड कुणीच मापला नाही.

आता रस्ते. ग्राइंडिंग सगळ्यात स्वस्त आणि लेथवाल्याकडं गर्दी नसेल तर लवकर होणारं, आणि पहिल्यांदाच बेरिंग गेलं असेल तर मी हेच सांगीन. पण साईज म्हणजे काय ते समजून घ्या, दहा म्हणजे इंचाचा दहा हजारावा भाग नाही, इंचाच्या हजार भागांतले दहा, म्हणजे पाव मिलिमीटर. तीस मारली म्हणजे जर्नल पाऊण मिलिमीटर बारीक झाला. क्रँक नायट्राइड केलेली (नायट्रोजनच्या प्रक्रियेनं वरून कडक केलेली) असेल तर तिचा कडक थर वरचा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच असतो, तीसला तो जवळपास निघून जातो आणि खाली मऊ लोखंड उरतं. शिवाय जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई लेथवाल्यानं ठेवली पाहिजे, कोपरा काटकोनात सोडला तर क्रँक तिथूनच चिरते, आणि गोलाई जास्त ठेवली तर बेरिंग कडेवर चढतं. ग्राइंडिंगनंतर तडा आहे का ते चुंबकीय तपासणीनं बघून घ्या.

नवी क्रँक महाग, ग्राइंडिंगच्या कितीतरी पट, पण स्टँडर्ड साईज, बेरिंग सहज मिळतं आणि जर्नलच्या मापाची शंका संपते. तरी मायक्रोमीटर लावायचाच, नवी आहे म्हणून सोडायची नाही. जर्नल ६० मिलिमीटरचा असेल तर बेरिंगमध्ये ढोबळमानानं ०.०६ मिलिमीटर फट लागते, खरा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला. पण लोक इथंच फसतात, नवी क्रँक टाकली म्हणजे रोग गेला असं धरतात, आणि रॉड तोच, ऑइल कूलर तोच, गॅलरीतला (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेतला) चुरा तोच. मग नवी क्रँकबी जाते आणि पैसे दुप्पट बुडतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

दुसरं इंजिन सगळ्यात झटपट, पेरणी अडली असेल तर मोह होतोच. मला मात्र हा रस्ता आवडत नाही, कारण त्या इंजिनाचं मागचं काय माहीत. घ्यायचंच असेल तर पूर्ण तापल्यावरचं तेलाचं प्रेशर बघा, चेंबर उतरवून निदान एका कनेक्टिंगची कॅप (रॉडचा खालचा बोल्टनं आवळलेला अर्धा) खोलून बेरिंग डोळ्यानं बघा, विकणारा खोलू देत नसेल तर तिथून निघा. इंजिन नंबर आरसीवर असतो, बदललं की आरटीओत नोंद करावी लागते, विम्याच्या वेळेला ते आडवं येतं.

पहिल्या दोन रस्त्यांत साफसफाई सारखीच लागते आणि तिथं कंजूषपणा नकोच. ब्लॉकच्या गॅलरीचे प्लग काढून आत ब्रश घालायचा, क्रँकची तेलाची भोकं धुवायची, नुसतं वरून डिझेल मारून भागत नाही. ऑइल कूलर आतून नीट साफ होत नाही, चुरा गेलेला असेल तर बदलूनच टाका. कॅपच्या बोल्टला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), अंदाजानं आवळणं नाही. आणि पहिला स्टार्ट मारताना स्टॉप (इंजिन बंद करायचा खटका) ओढून धरून सेल्फ थांबत थांबत मारायचा, गेजवर प्रेशर आलं की मगच इंजिन सोडायचं.

आमच्याकडं चाळीस साईजचं बेरिंग त्या मॉडेलला मिळंना आणि जर्नल तीसच्या खाली गेलेला, म्हणून नाइलाजानं नवी क्रँक घेतली. सोबत दोन नंबरचा रॉड नवा (वजन बाकीच्या दोन रॉडला जुळवून), बाकीच्या दोन रॉडची भोकं मापून घेतली, कूलर नवा. रॉड पहिल्याच वेळी मापला असता तर ती वीस साईजची क्रँक आजबी चालली असती. २० तासांनी तेल बदललं, जुना फिल्टर कापून कागद उलगडून उन्हात धरला, पितळी चमक कुठंच नव्हती.